आधी दारू सोड, मग औषध



आरोग्यावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा त्यांच्या मनात मधुमेह असावा, निदान गुडघेदुखी तरी. मी विषय सांगितला आणि फोनवर थोडा वेळ कोणी बोललंच नाही. हेपेटायटिस सी, त्यात दारू, त्यात विमा नाही, आणि हे सगळं अमेरिकेत. आपल्या श्रोत्यांचा याच्याशी काय संबंध, हा प्रश्न त्यांनी सभ्यपणे गिळला. संबंध आहे, तो पुढे येईल. पण विषय मुळात तिकडचा आहे आणि मी तो तिकडचाच म्हणून सांगणार आहे. मी फार्मसिस्ट. नोकरीची बहुतेक वर्षं टेक्सासमध्ये, ह्यूस्टन शहरात गेली. आठवडाभर औषधांच्या दुकानात आणि शनिवारी एका धर्मादाय दवाखान्यात. तिथे येणाऱ्यांत विमा असलेला माणूस औषधालाही सापडायचा नाही.

कावीळ म्हटलं की आपल्याला पिवळे डोळे आठवतात. हेपेटायटिस सी झालेल्या बहुतेकांचे डोळे वीस-पंचवीस वर्षं स्वच्छ असतात. विषाणू रक्तात मुक्काम ठोकतो आणि लिव्हरवर हळूहळू वण धरत जातात. अमेरिकेत हार्वे आल्टर यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की, रक्त चढवल्यावर होणारी बरीचशी कावीळ ए विषाणूची नाही आणि बीचीही नाही. पुढे बरीच वर्षं तिला 'नॉन-ए, नॉन-बी' असंच म्हणत. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी विषाणू ओळखला, १९९० पासून तिथल्या रक्तपेढ्यांत तपासणी सुरू झाली. आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. म्हणजे १९९० च्या आधी ज्याला अपघातात रक्त चढलं, किंवा विशीत ज्यानं मित्राची सुई दोन-चार वेळा वापरली, त्यानं हा पाहुणा घरात घेतला आणि नंतर विसरून गेला. माणूस पन्नाशीला आला, कुठल्यातरी कारणानं रक्त तपासलं, की मग कळायचं.

दारूचा संबंध इथे येतो. फ्रान्समध्ये थिएरी पोइनार आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं की, हा विषाणू अंगात असताना रोज पन्नास ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल पोटात गेलं तर लिव्हरचे वण झपाट्यानं वाढतात. पन्नास ग्रॅम म्हणजे अमेरिकन बिअरचे जेमतेम चार कॅन. तेव्हा डॉक्टर दारू सोडायला सांगतात त्यात तसूभरही चूक नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत कोणीतरी उठून मी दारूची वकिली केली असं म्हणेल. मला बोलायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. सल्ला केव्हा अट होतो, आणि ती अट कोण घालतं, त्याबद्दल.

सुरुवातीला ही अट घालायला खरोखर कारण होतं. जुनं औषध म्हणजे इंटरफेरॉन. दर आठवड्याला इंजेक्शन, जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या, आणि अमेरिकेत विषाणूचा जो प्रकार जास्त आढळतो त्यासाठी हे सगळं अठ्ठेचाळीस आठवडे. इंजेक्शन घेतलं की फ्लूसारखा ताप, अंग मोडून यायचं, केस गळायचे, हिमोग्लोबिन उतरायचं. काही जण इतके खचायचे की आत्महत्येपर्यंत वेळ यायची. एवढं सोसून बरे होणारे निम्म्याहून कमी. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, पिणाऱ्यानं सहा महिने दारू बंद ठेवावी, मग उपचार. २००२ मध्ये त्यांनीच हे बरंच सैल केलं आणि प्रत्येकाचा वेगळा विचार करा म्हणाले. पण 'सहा महिने' हा आकडा डॉक्टरांच्या तोंडात बसला तो बसलाच.

मग डिसेंबर २०१३ मध्ये सोफोस्बुव्हिर आलं. दिवसाला एक गोळी, आणि वर्षभरात तिच्याच जोडीला दुसरं औषध एकाच गोळीत घातलेलं आलं. बारा आठवडे. ताप नाही, इंजेक्शन नाही, शंभरातले नव्वदहून जास्त बरे. मी दुकानात उभं राहून हे होताना पाहिलं आहे आणि चाळीस वर्षांच्या धंद्यात असं दुसरं काही पाहिलेलं नाही. किंमत एका गोळीला हजार डॉलर. अठ्ठावीस गोळ्यांची एक बाटली, अशा तीन बाटल्या, मिळून चौऱ्याऐंशी हजार डॉलर. गिलियड कंपनीनं हे औषध शोधणारी फार्मासेट ही छोटी कंपनी अकरा अब्ज डॉलरना विकत घेतली होती, ते पैसे वसूल व्हायचे होते. लिव्हरपूलच्या अँड्र्यू हिल यांनी सहकाऱ्यांसह हिशेब मांडला, तेव्हा बारा आठवड्यांचं औषध बनवण्याचा खर्च ६८ ते १३६ डॉलर निघाला.

आता गंमत पाहा. इंटरफेरॉनच्या काळात पिणाऱ्याला दूर ठेवायचं कारण औषधात होतं. औषध बदललं आणि कारण संपलं. अट मात्र आणखी कडक झाली. मेडिकेड म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, तिचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. २०१५ मध्ये बेचाळीस राज्यांचे नियम एका अभ्यासात तपासले गेले. जवळपास तीन-चतुर्थांश राज्यं लिव्हर बरंच खराब झाल्याशिवाय गोळी देत नव्हती. अठ्ठ्याऐंशी टक्के राज्यांच्या नियमांत दारू किंवा ड्रग्जचा विचार होता, आणि निम्म्या राज्यांत ठरावीक महिने सोडल्याचं दाखवावं लागे. त्याच वर्षी सिनेटच्या वित्त समितीचा अहवाल आला. २०१४ या एका वर्षात मेडिकेडनं, सवलती वजा जाण्याआधी, १.३ अब्ज डॉलर या औषधावर घातले होते, आणि त्यात योजनेतल्या अंदाजे सात लाख रुग्णांपैकी २.४ टक्क्यांनाही औषध पोचलं नव्हतं. तिजोरीला परवडत नव्हतं हे उघड आहे, त्याबद्दल मी अधिकाऱ्यांना दोष देत नाही. कोणालातरी रांगेतून बाहेर काढणं भागच होतं. म्हाताऱ्यांना काढलं तर बोंब होते, लहान मुलांना काढलं तर वर्तमानपत्रात फोटो येतात. पिणाऱ्याला काढलं तर कोणी हूं की चूं करत नाही, खुद्द तो पिणाराही नाही. पैशाची अडचण होती, तिला नीतीचा अंगरखा चढवला, एवढंच.

हे झालं मेडिकेड असलेल्यांचं. आमच्याकडे येणाऱ्याला मेडिकेडनं नकारही दिलेला नसायचा, कारण तो अर्जच करू शकत नव्हता. एका माणसाचं सांगतो. त्याला आपण छप्परवाला म्हणू. घरांच्या छपरांवर डांबरी कौलं ठोकायचं त्याचं काम, ह्यूस्टनच्या उन्हात, रोजंदारीवर, हातात रोख. पन्नाशी उलटलेली, लग्न मोडलेलं, मुलगी मोठी होऊन दुसऱ्या राज्यात. टेक्सासमध्ये, पदरात लहान मूल नसलेल्या आणि अपंग नसलेल्या प्रौढाला, तो कितीही कफल्लक असो, मेडिकेड मिळत नाही. ओबामांच्या २०१० च्या कायद्यानं ते मिळावं असं ठरवलं होतं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं आणि टेक्सासची मर्जी झाली नाही. खासगी विमा घ्यायला केंद्राची सवलत आहे, पण ती उत्पन्न दारिद्र्यरेषेला टेकल्यावर सुरू होते. म्हणजे सवलत मिळायला हा माणूस पुरेसा श्रीमंत नव्हता.

पहिल्या शनिवारी त्यानं खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, "बिअरबद्दल विचारणार असाल तर मी आत्ताच निघतो." मी म्हटलं, "बसा. आधी कागद पाहू." आदल्या वर्षी एका ठिकाणी त्याला तीन महिने दारू बंद करून परत या असं सांगितलं होतं. गडी मानी. त्यानं शुक्रवारी बंद केली, एकदम, कोणालाही न विचारता. शनिवारी हात थरथरायला लागले, घाम फुटला. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात फिट येऊन पडला. रोज भरपूर पिणाऱ्यानं अशी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं, हे दारू सोड म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या गावीच नसतं. त्यासाठी चार-पाच दिवस कोणाच्या तरी देखरेखीखाली राहावं लागतं, शांत करणारं औषध टप्प्याटप्प्यानं कमी करावं लागतं, बी-वन जीवनसत्त्व द्यावं लागतं. विमा नसलेल्याला ही खाट कुठून मिळणार? १९८६ च्या कायद्यानं तातडीच्या विभागाला कोणालाही परत पाठवता येत नाही, जीव स्थिर करावाच लागतो. त्याचा तो केला. सोमवारी घरी सोडलं. मंगळवारी त्यानं कॅन उघडला, थरथर थांबावी म्हणून. पुढे बिल घरी पोचलं. लिव्हरच्या औषधाचा विषयच निघाला नव्हता.

आणखी एक. दारूची ओढ कमी करणारी औषधं आहेत. बॅक्लोफेन तर सिरॉसिस झालेल्यांवर इटलीत तपासून २००७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं आहे. औषध साधं, जुनं आणि स्वस्त. छप्परवाल्याच्या कागदांत 'दारू सोडण्याचा सल्ला दिला' हे वाक्य तीन वेगवेगळ्या अक्षरांत होतं. सोडायला मदत होईल असं एकही औषध कोणी लिहिलेलं नव्हतं.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात कॉलेजच्या सुट्टीत मी कंपाउंडरच्या हाताखाली पुड्या बांधल्या आहेत. डॉक्टर पिणाऱ्यांना जे बोलायचे ते या व्यासपीठावर उच्चारता येणार नाही. आई-बाप, सासुरवाडी, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. पण शिव्या चालू असताना उजवा हात प्रिस्क्रिप्शन लिहीत असायचा. शिव्या खाल्ल्याशिवाय औषध नाही, हे खरं. पण शिव्या ऐकून सुधारलास तरच औषध, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. दहा वेळा पिऊन आलेला अकराव्यांदा आला तरी पुडी मिळायची. मी ह्यूस्टनला गेल्यावर शिव्या सोडून दिल्या, तिथे चालत नाहीत. बाकी पद्धत तीच ठेवली.

तर छप्परवाल्यासाठी औषधाचा अर्ज. औषध कंपन्याच विमा नसलेल्या गरिबांना फुकट औषध देण्याची योजना चालवतात. दानधर्म म्हणा, जाहिरात म्हणा. मी भरलेल्या फॉर्मांत उत्पन्न विचारलेलं असे, घरात माणसं किती ते विचारलेलं असे. दारूचा रकाना नव्हता. सरकारी योजनेला जी नैतिक काळजी होती ती कंपनीला नव्हती, कारण गोळी कंपनीला पडत होती ती मातीमोल. गंमत इथेच संपत नाही. जुलै २०१५ पासून गिलियडनं नियम बदलला. ज्यांचा विमा आहे पण विमा कंपनीनं औषध नाकारलं आहे, अशांना फुकट देणं बंद केलं, म्हणजे विमा कंपन्यांवर दबाव यावा. परिणाम असा की, विमा असलेला दारूडा दोन्हीकडून लटकला आणि बिनविम्याच्या दारूड्याला निदान एक दार किलकिलं राहिलं.

त्या दारातून जायचं तर कागद हवेत. रोखीत मजुरी घेणाऱ्यानं उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा? करविवरण तीन वर्षं भरलेलं नाही. मग 'मला ठरलेलं उत्पन्न नाही' असं त्याच्या हस्ताक्षरातलं पत्र. त्यानं ते पेन्सिलीनं लिहिलं, फॅक्समध्ये उमटेना, पुन्हा शाईनं लिहिलं. विषाणू रक्तात आत्ता आहे हे दाखवणारी चाचणी काही शे डॉलरची. नुसती अँटीबॉडीची पुरत नाही, कारण काही जणांचा विषाणू आपोआप गेलेला असतो. ती दवाखान्यानं कमी दरात करून दिली. लिव्हर कितपत खराब आहे याचा अंदाज वय, प्लेटलेट आणि लिव्हरच्या दोन एन्झाइमवरून काढतात. अंदाज सिरॉसिसचा आला. आणि प्रिस्क्रिप्शन लिहायला तज्ज्ञ हवा, तर त्याची वेळ कित्येक महिन्यांनंतरची. न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी याच अडचणीपायी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला होता. गावोगावचे साधे डॉक्टर व्हिडिओवरून तज्ज्ञांसमोर आपले रुग्ण मांडतात आणि उपचार स्वतः करतात. २०११ च्या त्यांच्या अभ्यासात खेड्यातल्या दवाखान्यांतले रुग्ण विद्यापीठातल्या रुग्णांइतकेच बरे झाले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तसाच धीर केला आणि सही ठोकली.

मधल्या काळात छप्परवाला मला म्हणाला, "तुम्ही इंडियाचे ना? तिकडे ही गोळी स्वस्त आहे म्हणे. आणा की." माहिती बरोबर होती. गिलियडनं सप्टेंबर २०१४ मध्ये भारतातल्या सात कंपन्यांना परवाने दिले होते, एक्क्याण्णव देशांत विकायला. त्या देशांत अमेरिका अर्थातच नव्हती. मार्च २०१५ मध्ये हैदराबादच्या नॅटकोनं अठ्ठावीस गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना काढली. तीच बाटली ह्यूस्टनमध्ये त्या वेळच्या दरानं सतरा लाख रुपयांच्या वर. टास्मानियाचा ग्रेग जेफरीज नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस चेन्नईला जाऊन औषध घेऊन आला, बरा झाला, आणि मग जगभरच्या रुग्णांना वाट दाखवत बसला. मला हे सगळं ठाऊक होतं. दरवर्षी मुंबईला येतच होतो आणि बॅगेत तीन बाटल्या मावल्या असत्या. पण फार्मसिस्टनं दुसऱ्यासाठी असं औषध आणणं म्हणजे परवाना गमावणं. मी नाही म्हटलं. त्यानं खांदे उडवले. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

फुकटची बाटली अखेर दवाखान्याच्या पत्त्यावर आली, कारण कुरिअर सहीशिवाय देत नाही आणि हा दिवसभर कुणाच्या तरी छपरावर. आता रोज गोळी घ्यायची तर ती दिवसातल्या न चुकणाऱ्या गोष्टीला बांधावी लागते. कोणी चहाला बांधतं, कोणी देवपूजेला. मी विचारलं, "तुमची न चुकणारी गोष्ट कोणती?" तो हसला. संध्याकाळची पहिली बिअर. ठीक आहे, म्हटलं, कॅन उघडला की आधी गोळी. ऐकायला भयंकर वाटेल, पण गोळी बिअरनं निकामी होत नाही. निकामी होते ती अॅसिडिटीच्या औषधानं. पोटातलं आम्ल कमी झालं की ती नीट शोषली जात नाही, म्हणून चार तासांचं अंतर ठेवावं लागतं. आणि पिणाऱ्याच्या खिशात अॅसिडिटीच्या चघळायच्या गोळ्या कायम. माझं सगळं भांडण त्या गोळ्यांशी झालं.

बारा आठवडे झाले. त्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी रक्त तपासलं, विषाणू नाही. पिणं थोडं कमी झालं होतं, सुटलं नव्हतं. हा एकट्याचा नशिबाचा भाग नाही. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयांतल्या सुमारे ६९ हजार रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न पिणारे आणि बेसुमार पिणारे सारख्याच प्रमाणात बरे झाले, शंभरात चौऱ्याण्णव. अमेरिकेतल्या लिव्हरतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की दारू हे औषध नाकारायचं कारण नाही.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे ही गोळी राष्ट्रीय कार्यक्रमात २८ जुलै २०१८ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत आहे. गोळी स्वस्त म्हणून तिच्यासाठी नीती आडवी येत नाही. आपल्याकडे महाग काय आहे? पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली की भरती व्हावं लागतं, ते. आणि अट नेमकी तिथे जाऊन बसली आहे. तुमची आरोग्यविम्याची पॉलिसी घरी गेल्यावर काढा. वगळलेल्या गोष्टींत 'एक्सक्लूजन १२' सापडेल. दारू किंवा इतर व्यसनावरचे उपचार आणि व्यसनाचे परिणाम. यातले 'परिणाम' कुठे संपतात हे कोण ठरवणार? माझ्या नात्यातल्या एकाच्या डिस्चार्ज कार्डावर शिकाऊ डॉक्टरनं घाईत 'कधीमधी दारू' असं लिहिलं. विषाणूमुळे सिरॉसिस, कागद समोर, तरी दावा महिनोनमहिने त्या दोन शब्दांवर अडकला. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे, आपण सगळे सभेत व्यसनाला आजार म्हणायला शिकलो आहोत. पॉलिसीत तो अजून अपराध आहे. त्यातही आपल्या महाराष्ट्राची मजा अशी की, दारू पिण्याचा परवाना सरकार देतं तो प्रकृती राखण्यासाठी, असं त्या परवान्याच्या नमुन्यातच छापलेलं आहे.

छप्परवाल्याचं राहिलं. विषाणू गेला तरी सिरॉसिस झालेल्या लिव्हरला कॅन्सरचा धोका राहतो, पिणाऱ्याला जास्तच. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. हजारो डॉलरचं औषध फुकट देणारी कंपनी सापडली होती, सोनोग्राफी फुकट देणारी कोण असणार? ह्यूस्टनच्या सार्वजनिक रुग्णालयात सवलतीचं कार्ड मिळतं, पण ते त्या काउंटीत राहणाऱ्याला, आणि हा राहायचा हद्दीच्या पलीकडे. त्याच्या काउंटीवर कायद्याची सक्ती एवढीच की, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २१ टक्क्यांपर्यंत असेल तर उपचार द्यावेत. एकट्या माणसाला तेव्हा ते महिना दोनशे दहा डॉलरच्या आसपास पडायचं. त्यानं स्वतःच हिशेब लावला, "म्हणजे काम नसेल त्या महिन्यात तपासायचं, काम असेल त्या महिन्यात नाही." मी हो म्हटलं. पहिली सोनोग्राफी डिसेंबरात झाली, तेव्हा पावसानं कामं बंद होती. दुसरी जूनमध्ये येत होती. टेक्सासमध्ये वसंतात गारपीट होते आणि जून हा छपरांचा भर हंगाम असतो.